हाकेला ओके

१ सप्टेंबर २०२४, रविवार

आजपासून रोजनिशी. सहभागी संशोधन करणाऱ्याने स्वतःकडेही तटस्थपणे पाहावं, असं एका जाड इंग्रजी पुस्तकात पहिल्याच पानावर आहे. पुढची पानं दिवाळीच्या सुट्टीत. रोजनिशी फक्त माझ्यासाठी. तरी अक्षर चांगलं काढतोय, सवयच आहे.

स्थिती अशी. मी प्रा. चिन्मय, मेहकरात कॉलेजवर समाजशास्त्र. पीएच.डी.चं सहावं वर्ष. विषय 'आदिवासी समुदायांसोबत नैतिक आणि सहभागी संशोधन: ऐकण्याची पद्धत'. विषय माझाच. आमचे गाइड नागसेन सर बुलढाण्याला असतात. काल फोनवर म्हणाले, विषय चांगला आहे, आता एखाद्या समुदायाला भेटूनही या. सरांचं बोलणं टोचरं असतं. मी मनावर घेत नाही.

संकल्प: समाजावर संशोधन नाही, समाजासोबत संशोधन. माहितीचा मालक समाज. संशोधक बोलणार नाही, ऐकणार. मी म्हणजे नुसता कान. हे सगळं जेवताना बायकोला, रेवतीला, नीट समजावून सांगितलं. हात धुताना कळलं की तिची आई परवापासून दवाखान्यात आहे. म्हटलं, सांगायचं नाही का? ती म्हणते, सांगत होते. माझ्या तरी कानावर आलं नाही.

८ सप्टेंबर, रविवार

फील्डवर्क सुरू. डोणगावच्या पुढे फाट्यावरून आत सालईवाडी. आंध या आदिवासी समाजाची वस्ती. बाइकने गेलो, म्हणजे समाजाच्या पातळीवर. कार सर्व्हिसिंगला आहे.

पहिलं घर पंजाबरावांचं. पन्नाशीचे असतील. सोयाबीनवर फवारणी करून नुकतेच आले होते, पाठीवर पंप तसाच. म्हटलं, मी काही न्यायला आलेलो नाही, ऐकायला आलोय. ते म्हणाले, बसा. मग मी ऐकण्याची भूमिका मांडली. पूर्वीचे संशोधक कसे आले, माहिती घेऊन कसे गेले, वसाहतवाद, न्यूझीलंडच्या मूळ रहिवाशांचं काय झालं, आपल्याकडे काय व्हायला हवं. पंजाबराव मधून मधून हाव, म्हणजे हो, म्हणत होते. इतके रमले की पाठीवरचा पंप उतरवायचंही भान राहिलं नाही त्यांना.

निघताना म्हणाले, सर, समदं चांगलं सांगतलं, पन तुमी आलते कायच्यासाठी ते नाई समजलं. असा निर्मळपणा शहरात सापडत नाही.

२२ सप्टेंबर, रविवार

मोठं यश. संशोधनाचा विषय समुदायाने स्वतः ठरवला. पेपरात हे ठळक लिहायचं.

पंजाबरावांची मुलगी ज्योत्स्ना, घरात सगळे जोसना म्हणतात. मेहकरला नर्सिंग करते. उन्हाळ्यात तिचं लग्न ठरलंय. तिने त्यांच्या घरची रीत सांगितली. हळदीच्या दिवशी घरातली सगळ्यांत मोठी बाई मेलेल्या माणसांना हाका देते. सगळ्यांत जुन्यापासून सुरुवात. एक हाक दिली की थांबायचं, तेवढ्यात ते माणूस येऊन मांडवात बसतं. मग पुढची हाक. सगळ्यांत अलीकडे गेलेलं शेवटी. शेवटची हाक झाली की मग हळद लागते. या घरात हे काम अंबूबाईंचं, म्हणजे पंजाबरावांच्या आईचं. त्यांचं वय कोणालाच माहीत नाही.

जोसना म्हणाली, आजी आता थकली. माह्या हळदीपर्यंत राह्यली त बरंच, नाई राह्यली त तिची हाक तरी पायजे. शेवटची हाक माह्या मायची येईन. मी सहावीत असतानी गेली ते. मले आजीच्या तोंडून मायले हाक ऐकाची हाय. मी लगेच टिपून घेतलं: मातृस्मृती. यावर वेगळा पेपर होऊ शकतो. आईचं नाव विचारायचं राहिलं.

ती स्वतः रेकॉर्ड करू शकत नाही, कारण जिची हळद तिने आधी ऐकायचं नसतं. म्हणून मी. माझ्याकडे ग्रँटमधून घेतलेला रेकॉर्डर आहे, झाडाचं पान पडलं तरी टिपतो.

पंजाबराव सुरुवातीला नाखूश होते. हळद नसताना हाका देनं बरं नाई म्हणाले. आलेली मानसं माघारी जातात. पन आजीचं वय पायता एकडाव चालन, दुसऱ्यांदा नाई. आन् हाक देल्ली की मधात कोनी बोलाचं नाई. जित्त्या मानसानं ओ नाई द्याची, ते ओ त्याईची असते. मी अधोरेखित केलं. ऐकणं हीच तर माझी पद्धत.

त्यांची एकच अट. रेकॉर्डिंगची कॉपी घरी द्यायची. मी म्हटलं, कॉपी काय, मालकी तुमची. डेटा तुमचा. पंजाबराव म्हणाले, डेटा ऱ्हाऊ द्या, हाका द्या.

६ ऑक्टोबर, रविवार, सायंकाळी

ऐतिहासिक दिवस. थोडक्यात लिहितो, वेबिनार आत्ताच संपला. विषय होता 'समुदायाला ऐकताना'. प्रमाणपत्र ईमेलने येईल.

दुपारी सालईवाडी. सोयाबीन काढणी चालू, सारी वस्ती मळणीयंत्रावर. पंजाबराव शेतात, जोसना रीतीप्रमाणे शेजारच्या घरी. घरात अंबूबाई आणि मी. एकांत, म्हणजे आदर्श परिस्थिती. आधी संमतीपत्र पूर्ण वाचून दाखवलं, कलमवार. प्रत्येक कलमाला आजी हाव म्हणाल्या. तुम्हाला नकार देण्याचा हक्क आहे, हाव. तुम्हाला नकार द्यायचा आहे का, हाव. इतकी जागरूक सहभागी मी पाहिली नाही.

मग हाका. आवाज बारीक, पण काय सांगू. डोळे मिटून एकेक नाव घेत होत्या. मी एक शब्द बोललो नाही. जे बोललो ते तांत्रिक होतं. आणि आजींचा हुरूप टिकावा म्हणून थोडं प्रोत्साहन. रेकॉर्डर चालू असताना मध्ये एकदा माझी भूमिकाही मांडून ठेवली, पुढच्या अभ्यासकांना संदर्भ लागतो.

शेवटाकडे आजी जरा जास्तच थांबल्या. मी ओळखलं. पुस्तकात याला सॅच्युरेशन म्हणतात, म्हणजे आता नवीन काही निघणार नाही. सहाचा वेबिनार होता. आभार मानून रेकॉर्डर बंद केला. मी निघताना आजी काहीतरी म्हणत होत्या, बहुधा चहाचं. म्हटलं, पुढच्या वेळी.

दाराबाहेर जोसना भेटली. झाल्या का साऱ्या हाका, असं विचारलं तिने. मी सांगितलं, सगळं अगदी व्यवस्थित. थोडं वेबिनारबद्दलही सांगितलं. मुलगी शिकलेली आहे, तिला उपयोग होईल.

उद्या रेकॉर्डिंग शांतपणे ऐकायचं. नक्की.

७ ऑक्टोबर, सोमवार

उद्या.

२० ऑक्टोबर, रविवार

सलग ऐकणं जमत नाहीये. एक तर स्वतःचा आवाज ऐकायला मला अवघडल्यासारखं होतं. आणि सुरुवातीला संमतीपत्र आहे, त्यात बराच वेळ जातो. आज आवाजाचा मजकूर करून देणाऱ्या एका सॉफ्टवेअरला फाइल दिली. भात शिजायच्या आत ट्रान्सक्रिप्ट हातात.

अफाट आहे. सॉफ्टवेअरने वक्ता १ आणि वक्ता २ असं वेगळं पाडून दिलंय. वक्ता १ म्हणजे अर्थातच आजी, कारण बहुतेक सगळं त्याच बोलल्या आहेत. मला ठाऊक नव्हतं त्यांची जाण एवढी खोल आहे. एका ठिकाणी म्हणतात, ऐकणं म्हणजे स्वतःला बाजूला ठेवणं. दुसऱ्या ठिकाणी म्हणतात, ज्ञानाचा मालक समाज आहे, संशोधक हा केवळ कान. अंगावर काटा आला. मी आणि आजी, शब्दशः एकच विचार.

वक्ता २, म्हणजे मी, फारच तुटक. नुसती नावं घेतोय. 'या' म्हणतोय. सहभागीला बोलावून घेण्याची माझी हातोटी यातून दिसते. 'हाका' शब्दाच्या जागी सगळीकडे 'हक्क' छापून आलंय. आधी चूक वाटली, मग लक्षात आलं, चूक कसली. हाक म्हणजेच हक्क. एक आख्खं प्रकरण निघेल.

२१ नोव्हेंबर, गुरुवार

महिनाभर इलेक्शन ड्यूटी. ट्रेनिंग, मतदान केंद्र, पेट्या, शाई. संशोधकाला या देशात वेळच देत नाहीत. कॉपी द्यायची राहिली आहे, विसरलो नाही. रविवारी.

नागसेन सरांचा फोन. विचारलं, रेकॉर्डिंग ऐकलं का? म्हटलं, ट्रान्सक्रिप्ट तयार आहे. सर म्हणाले, मी ते नाही विचारलं. नेटवर्क गेलं. म्हणजे मी बंद केला, पण नेटवर्कही तसं कमीच होतं.

८ डिसेंबर, रविवार

जोसनाचा फोन. सर, कॉपी व्हॉट्सअ‍ॅपवर टाकून द्या न. बाबा एकडाव ऐकून घेतीन, सारे हायेत का पायतीन. कोनी ऱ्हायलं असन त आजीले विचारता येईन, आजी अजून बोलून राह्यली तवर.

तिला समजावलं. हे व्हॉट्सअ‍ॅपवर टाकणं म्हणजे शुभेच्छांच्या फोटोसारखं झालं. समाजाचं ज्ञान समाजाला सन्मानाने परत मिळायला हवं. त्यासाठी 'ज्ञानपरतावा समारंभ' करू. प्राचार्य येतील, पेनड्राइव्ह ताटात ठेवून देऊ, वर रेशमी कापड. ती म्हणाली, ताट आमच्या घरी हाय सर, तुमी फक्त आवाज द्या. विनोदी आहे मुलगी.

समारंभ २६ जानेवारीला ठेवतो. झेंडावंदनाला सगळे असतातच.

१२ जानेवारी २०२५, रविवार

बॅनर छापून आला. माझा फोटो मध्यभागी आलाय, मी सांगितलं नव्हतं. अंबूबाईंचा फोटो नव्हता, त्यामुळे त्यांच्या जागी झाडाचं चित्र टाकलंय. रेवती म्हणाली, कार्यक्रम कोणाचा आहे? म्हटलं, समाजाचा. ती म्हणाली, समाज कुठंय? म्हटलं, झाड.

पेपर पूर्ण. 'ऐकणारा संशोधक'. अंबूबाईंना सह-लेखक केलंय. खरं तर वर्णानुक्रमे त्यांचं नाव आधी यायला हवं, पण पीएच.डी. माझी आहे आणि त्यांना त्याचा काही उपयोग नाही.

१९ जानेवारी, रविवार

परवा पंजाबरावांचा फोन आला होता. वर्गावर होतो, उचलला नाही. आज गेलो तेव्हा कळलं. अंबूबाईंना लकवा मारला. उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. खाटेवर होत्या. ओळखलं मला. तोंडातून आवाज येतो, शब्द येत नाही. डॉक्टर म्हणाले, या वयात शब्द परत येणं कठीण.

मला खरंच वाईट वाटलं. थोडा वेळ बसलो, केळी खाटेखाली ठेवली आणि आलो.

वाटेत मात्र एक गोष्ट लख्ख झाली. आजींचा आवाज आता जगात एकाच ठिकाणी आहे, माझ्या कपाटात. ही केवढी जबाबदारी. समारंभ रद्द. बॅनर पुढे कामाला येईल, तारीख तेवढी चिकटपट्टीने झाकायची.

२ फेब्रुवारी, रविवार

पंजाबराव मेहकरला औषधं न्यायला आले होते, घरी आले. चहा घेतला. लग्न २० एप्रिलला, हळद आदल्या दिवशी. आजी जिवंत आहे तोवर हाका दुसऱ्या बाईने द्यायच्या नसतात आणि आजीला बोलता येत नाही. म्हणजे आता तुमचीच मशीन हाय, म्हणाले. देऊन टाका सर, एकडाव ऐकून घेतो. पोरीचा जीव त्याच्यात अडकला हाय. मायची हाक, मायची हाक, दुसरं बोलत नाई.

देणारच होतो. पण मनात आलं, अशी घरगुती देवाणघेवाण करण्यापेक्षा थेट हळदीच्या मांडवात, सगळ्या वस्तीसमोर, त्या आवाजाचं पहिलं श्रवण झालं तर? संशोधन जीवनात परत जातं ते असं. पंजाबरावांना म्हटलं, स्वतः घेऊन येतो, स्वतः लावतो. ते म्हणाले, आधी पाहून घेतलं असतं त बरं होतं. मी म्हटलं, विश्वास हा सहभागी संशोधनाचा पाया आहे. त्यांनी कप खाली ठेवला आणि म्हणाले, मंग ठीक हाय. यालाच विश्वास म्हणतात.

ते गेल्यावर रेवती म्हणाली, मला तरी एकदा ऐकव. रेकॉर्डरचे सेल संपले होते. नवीन आणायचे.

९ मार्च, रविवार

नागसेन सरांकडे बुलढाण्याला. पेपर त्यांनी वाचला होता. पानोपानी पेन्सिलच्या खुणा. पहिला प्रश्न, सालईवाडीच्या अंबूबाई 'पॅराडाइम' म्हणतात? मी म्हटलं, सर, मोबाइल गावागावात पोचलाय. दुसरा प्रश्न, अंबूबाई 'गेल्या महिन्यात औरंगाबादच्या परिषदेत मी हाच मुद्दा मांडला होता' असंही म्हणतात? मी म्हटलं, तिथं ट्रान्सक्रिप्टमध्ये जरा सरमिसळ असेल. सरांनी पेपर मिटला. मग म्हणाले, चिन्मय, ते रेकॉर्डिंग ऐका. आज घरी जाऊन ऐका.

सरांना माझ्या आणि आजींच्या वैचारिक जवळिकीचा थोडा हेवा वाटत असावा. तरी हिवरा आश्रमाजवळ गाडी थांबवून उसाचा रस पिताना ठरवलं, आज ऐकायचंच. घरी आलो तर मॅच चालू होती.

१३ एप्रिल, रविवार

हळदीची तयारी. रेकॉर्डरला नवे सेल. फाइल चालते की नाही हे तपासलं. सुरुवातीचं संमतीपत्र लागलं, आवाज खणखणीत. म्हणजे पुढचंही तसंच असणार. मांडवात लावण्याआधी पाच मिनिटं मनोगत. पाचच. काल लिहून काढलं, अकरा पानं झालीत. अक्षर मोठं आहे.

२० एप्रिल, रविवार, सकाळी

लग्नाला गेलो नाही. लिहावंसं वाटत नाही, पण क्रमाने लिहितो.

काल दुपारी चारच्या सुमाराला सालईवाडीत पोचलो. मांडव भरलेला. अंबूबाईंची खाट बाहेर आणून पुढे ठेवली होती. एका बाजूला कोरी घोंगडी अंथरलेली, तिच्यावर कोणी बसत नव्हतं. मी बसायला गेलो तर पंजाबरावांनी हाताला धरून खुर्चीवर नेलं. ती घोंगडी हाका देऊन बोलावलेल्यांची. जोसना पाटावर, डोळे मिटून. समोर हळदीची वाटी.

मनोगत मांडलं. थोडं लांबलं. मग रेकॉर्डर डीजेवाल्याच्या बॉक्सला जोडला.

आधी संमतीपत्र. लोक शांत. डीजेवाला म्हणाला, सर, फॉरवर्ड करू का? मी नको म्हटलं, कारण कुठपर्यंत करायचं ते मला माहीत नव्हतं. मग आजींचा आवाज आला. सगळ्या मांडवाने श्वास रोखला. खाटेवरच्या अंबूबाईंनी मान वळवली. राघोजीबुवा, या. मग आजी थांबल्या. आणि त्या थांब्यात, दोन मोठ्या बॉक्समधून, माझा आवाज. ओके.

तुळसामाय, या. ओके, व्हेरी गुड, आजी. सखाराम, ये. ओके, जरा इकडे तोंड करून. पोरं हसायला लागली. मागून एक म्हातारी म्हणाली, हे कोन ओ देऊन राह्यलं बाप्पा? मग एका हाकेनंतर तर माझं भाषणच. ऐकणं म्हणजे स्वतःला बाजूला ठेवणं, वगैरे. ते बराच वेळ चाललं. सगळी वस्ती एकदा घोंगडीकडे बघत होती, एकदा माझ्याकडे. मला डीजेवाल्याला खूण करायची होती, पण तोही घोंगडीकडेच बघत होता.

पुढे आणखी हाका, आणखी ओके. मग आजी थांबल्या. मोठा श्वास ऐकू आला, 'आन्' एवढंच म्हणाल्या, आणि त्याच्यावर माझा आवाज. थँक यू आजी, भरपूर मटेरियल झालं, मला सहाला वेबिनार आहे. आणि फाइल संपली.

कोणाला कळलंच नाही की संपली. सगळे थांबून राहिले. त्यांना वाटलं हा हाकेआधीचा थांबा आहे. जोसनाही तशीच, डोळे मिटून, ओठ घट्ट. मला एकट्याला माहीत होतं. खाटेवर अंबूबाईंनी डावा हात उचलला आणि तोंड उघडलं. आवाज आला. शब्द नाही आला. पुन्हा केलं. मग पंजाबराव माझ्याजवळ वाकून म्हणाले, झालं का सर? मी म्हटलं, तांत्रिकदृष्ट्या, हो.

त्यांनी आभाळाकडे पाहिलं. दिवस कलत होता. बायांना म्हणाले, चाला, लावा हळद.

लावली. गाणी झाली नाहीत. मी रेकॉर्डर काढत होतो तेव्हा जोसना आली, गालाला हळद. मला वाटलं बोलेल. बोलावं असंही वाटत होतं. ती खुर्ची ओढून बसली आणि हळू आवाजात म्हणाली, सर, आजी खुना करून सांगून राह्यली की तिनं शेवटची हाक देल्ली होती. मशीन बंद झाल्यावर देल्ली. घरात तुमी दोघंच होते. म्हंजे तुमी ऐकली असन.

मी म्हटलं, हो, म्हणजे, फार भावपूर्ण होती.

ती म्हणाली, हाव, पन कशी देल्ली? निर्गुणा म्हनलं, का सूनबाई म्हनलं? का पोरी म्हनलं? मले तेवढंच सांगा. मी तेवढं धरून ठेवतो.

ती थांबली. मी रेकॉर्डरची वायर गुंडाळत राहिलो. शेवटी म्हटलं, आठवून सांगतो. ती म्हणाली, सांगजा. आणि पाणी प्यायला देऊन आत गेली. आईचं नाव निर्गुणा होतं, हे मला तेव्हा कळलं.

२१ एप्रिल, सोमवार

दिवसभर आठवत होतो. त्या दिवशीचं सगळं आठवतं. रेकॉर्डर बॅगेत घातला, बॅगेची चेन अडकली होती, ती ओढली. उंबऱ्यावर डोकं आपटू नये म्हणून वाकलो. वेबिनारची लिंक मोबाइलवर शोधत होतो. आजी मागून बोलत होत्या. चेन स्वच्छ आठवते. कुठल्या बाजूला अडकली होती तेही आठवतं.

२७ एप्रिल, रविवार

रेकॉर्डिंग ऐकलं. पहिल्यापासून शेवटपर्यंत, दार लावून. वक्ता १ मी आहे.

शेवटचा श्वास पुन्हा पुन्हा लावून पाहिला. आवाज पूर्ण वाढवला. 'आन्' नंतर काही आहे का. काही नाही, मीच आहे. रेवती दारात येऊन उभी होती. ती म्हणाली, जेवायला वाढलंय. मी ऐकलं आणि उठलो.

नागसेन सरांना पेपर मागे घेतो म्हणून कळवलं. कारण लिहिलं, पद्धतीशास्त्रीय अडचण. सरांचं उत्तर आलं, बरं.

दुपारी जोसनाचा मेसेज. सासरी नीट पोचली, मंडळी चांगली हायेत, आजीले बाबा इकडे दाखवाले आनून राह्यले. खाली लिहिलंय, सर, आठवलं त सांगजा. घाई नाई.

खूप लिहिलं. संशोधकाच्या स्मृतीच्या मर्यादा, मौखिक परंपरेचं अपूर्णत्व, नैतिक जबाबदारीचं सामायिक स्वरूप. वाचून पाहिलं, पुसलं. पुन्हा लिहिलं, निर्गुणा म्हणाल्या होत्या. खरं असेल की नाही माहीत नाही, तेही पुसलं. मग अंगठा पाठवला.